कोठडीत आलेला कुत्रा

फिलाडेल्फिया शहरातल्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी या जुन्या तुरुंगाच्या दप्तरात एका कुत्र्याचा फोटो आहे. काळा, लॅब्रॅडॉरच्या अंगलटीचा कुत्रा, गळ्यात पाटी आणि पाटीवर कैदी क्रमांक सी-२५५९. कुत्र्याचं नाव पेप. ऑगस्ट १९२४ मध्ये तो तिथं दाखल झाला. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर गिफर्ड पिंचो यांच्या पत्नीची लाडकी मांजर त्यानं मारली, म्हणून गव्हर्नरांनी त्याला जन्मठेप दिली, अशी दंतकथा त्या काळी पसरली आणि आजही सांगितली जाते. खरी हकीकत साधी आहे. पिंचो हे अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख. कैद्यांचं मन रमावं, त्यांना जिवंत सोबत मिळावी म्हणून त्यांनी हा कुत्रा तुरुंगाला भेट दिला होता. मांजर मारल्याच्या आरोपात तथ्य नाही, असं पुढे त्यांच्या पत्नीनंच सांगितलं.

आज अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत कैदी कुत्र्यांना शिकवतात. कुणी टाकून दिलेलं, रस्त्यावरून उचललेलं, मार खाऊन बिथरलेलं कुत्रं कोंडवाड्यातून तुरुंगात येतं. आठ-दहा आठवडे ते कैद्याच्या कोठडीत राहतं, त्याच्याकडून वळण शिकतं आणि मग एखाद्या कुटुंबात दत्तक जातं. काही कुत्री त्याहून पुढे जातात. ती अपंगांना मदत करतात, युद्धावरून परतलेल्या सैनिकांची सोबत करतात. ही पद्धत कुणा एका तज्ज्ञानं आखलेली नाही. मनोरुग्णालयं, प्रयोगशाळा, डॉल्फिनचे तलाव, एक वादळ आणि घरातून पळालेली एक मुलगी, अशा अनेक ठिकाणांहून तिचे धागे आले आहेत. ते एकेक करून पाहिले की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : कोंडलेल्या माणसावर फक्त पहारा ठेवायचा, की त्याच्या हाती काही सोपवायचं?

एका विचाराच्या दोन वाटा

इंग्लंडमध्ये यॉर्क शहराजवळ १७९६ साली विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यानं मनोरुग्णांसाठी ‘द रिट्रीट’ ही संस्था सुरू केली. वेड लागलेल्या माणसाला साखळदंडात ठेवण्याचा तो काळ. ट्यूक यांनी साखळ्या काढल्या, रुग्णांना बागेत काम दिलं आणि संस्थेच्या अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी, ससाणे ठेवले. त्यांचा नातू सॅम्युएल यानं १८१३ साली संस्थेचं सविस्तर वर्णन छापलं. या मुक्या जिवांशी ओळख झाल्यानं रुग्णांना विरंगुळा मिळतो आणि त्यांच्यातली आपुलकीची भावना जागी होते, असं त्यानं त्यात नोंदवलं आहे. उपचाराच्या जागी प्राणी मुद्दाम ठेवल्याची ही फार जुनी नोंद.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, त्याच पंथाच्या प्रभावाखाली वेगळाच प्रयोग चालला होता. फिलाडेल्फियात १७८७ साली तुरुंगांतल्या हालअपेष्टा कमी करण्यासाठी एक मंडळ स्थापन झालं. गर्दीनं भरलेल्या, दारू आणि मारामाऱ्यांनी सडलेल्या तुरुंगांवर या मंडळींनी उपाय शोधला तो संपूर्ण एकांताचा. माणूस एकटा राहिला की त्याला आपोआप पश्चात्ताप होईल, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. त्यातून १८२९ साली ईस्टर्न स्टेट उभा राहिला. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, छताला उजेडापुरता एक झरोका. बाहेर काढायचं तर डोक्यावरून टोपडं ओढलेलं, म्हणजे दुसऱ्याचा चेहरासुद्धा दिसू नये. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये हा तुरुंग पाहून गेला आणि त्यानं या एकांताला शरीराच्या छळापेक्षाही भयंकर ठरवलं.

हेतू दोन्हीकडे दयेचाच होता. यॉर्कमध्ये त्या दयेनं माणसाला सोबत दिली, फिलाडेल्फियात सोबत काढून घेतली. एकांताची ही पद्धत ईस्टर्न स्टेटमध्ये १९१३ साली अधिकृतपणे संपली. त्यानंतर अकरा वर्षांनी त्याच दगडी भिंतींच्या आत पेप आला. पेपला कुणी काही शिकवलं नाही, त्याच्यावर कसला अभ्यासही झाला नाही. तरीही या इतिहासात त्याचं स्थान पक्कं आहे. ज्या इमारतीत माणसाला माणूस दिसू दिला नव्हता, तिथं सरकारनं आपण होऊन एक जिवंत सोबती आत सोडला.

माग काढणारी कुत्री

कुत्रा आणि कैदी यांचं नातं मात्र मायेतून सुरू झालं नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीच्या काळात पळालेल्या गुलामांचा माग काढण्यासाठी कुत्री पाळत. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली. मळे तुरुंगांच्या ताब्यात गेले, कापसाच्या शेतात कैदी राबू लागले आणि माग काढणारी कुत्रीही त्यांच्यासोबत तुरुंगात आली. टेक्ससमध्ये या कुत्र्यांची निगा राखायला कैदीच नेमत. त्यांना ‘डॉग बॉय’ म्हणत. कुत्र्यांना खाऊ घालायचं, पिंजरे धुवायचे आणि सरावासाठी स्वतः शेतातून धावत जाऊन वास पेरायचा, हे त्यांचं काम. म्हणजे कैद्यानं कुत्रा सांभाळण्याची प्रथा जुनीच होती. फक्त तो कुत्रा त्याच्याच सोबत्याला पकडण्यासाठी तयार होत होता.

हा धागा तुटलेला नाही. कोठडीतून बाहेर यायला नकार देणाऱ्या कैद्यावर कुत्रा सोडण्याची मुभा पाच अमेरिकी राज्यांच्या तुरुंगांत होती, असं ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २००६ सालच्या अहवालात नोंदवलेलं आहे. त्याच वर्षी देशातल्या अनेक तुरुंगांत कैदी कुत्र्यांना मांडीवर घेऊन त्यांची नखं कापत होते. दोन्ही दृश्यं एकाच व्यवस्थेतली आहेत, हे ध्यानात ठेवल्याशिवाय या कार्यक्रमांचं मोल कळत नाही.

चिमणी

कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थ तुरुंगात रॉबर्ट स्ट्राउड हा खुनी कैदी होता. अलास्कात एका माणसाचा आणि पुढे १९१६ मध्ये तुरुंगातल्या पहारेकऱ्याचा खून त्यानं केला होता. फाशीची शिक्षा रद्द होऊन त्याच्या वाट्याला एकांतकोठडी आली. १९२० साली अंगणात त्याला चिमण्यांची जखमी पिल्लं सापडली. त्यानं ती कोठडीत नेऊन वाढवली. पुढे कॅनरी पक्षी पाळले, त्यांच्या रोगांचा अभ्यास केला आणि १९३३ साली त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केलं. १९४२ मध्ये त्याची रवानगी अल्काट्राझ तुरुंगात झाली. तिथं पक्षी पाळायला बंदी होती. ‘बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ’ म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या माणसाजवळ अल्काट्राझमध्ये एकही पक्षी नव्हता. स्ट्राउड सज्जन झाला, असं कुणीही म्हणणार नाही. पण एखादा जीव सांभाळायला मिळाला की अतिशय हिंसक माणूससुद्धा किती चिकाटीनं शिकू शकतो, हे त्याच्या उदाहरणानं दिसलं. तुरुंगव्यवस्थेनं त्यातून काही घेतलं नाही.

अर्धशतकानंतर पुन्हा एक चिमणीच निमित्त झाली. ओहायो राज्यातल्या लिमा इथं गुन्हेगार मनोरुग्णांसाठी मोठं रुग्णालय होतं. १९७५ मध्ये तिथल्या एका वॉर्डात डेव्हिड ली या समाजसेवकाला काहीतरी वेगळं जाणवलं. कुणाशी न बोलणारे, खचलेले रुग्ण एकमेकांना मदत करत होते. शोध घेतला तेव्हा कळलं, की त्यांना एक जखमी चिमणी सापडली होती. झाडू-फडकी ठेवायच्या खोलीत त्यांनी ती लपवली होती आणि किडे पकडून तिला भरवत होते. नियमाप्रमाणे पक्षी काढून घ्यायला हवा होता. ली यांनी उलट वरिष्ठांकडे आणखी प्राणी ठेवण्याची परवानगी मागितली. मग वर्षभर दोन सारख्या वॉर्डांची तुलना झाली, एकात प्राणी आणि दुसऱ्यात नाहीत. प्राणी असलेल्या वॉर्डात औषधांची गरज जवळपास निम्म्यावर आली, मारामाऱ्या घटल्या आणि आत्महत्येचा एकही प्रयत्न झाला नाही. दुसऱ्या वॉर्डात असे आठ प्रयत्न झाले. नमुना लहान होता, आजच्या कसोटीवर हा अभ्यास कच्चाच ठरेल. पण तुरुंगाच्या कुंपणाआड कुणीतरी पहिल्यांदा मोजमाप केलं होतं.

अशी परवानगी मिळण्याजोगं वातावरण तोवर तयार होऊ लागलं होतं. न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे येणारा एक अबोल मुलगा त्यांच्या जिंगल्स या कुत्र्याशी रमला आणि हळूहळू बोलता झाला. कुत्रा हा उपचारात आपला सहकारी असू शकतो, असं लेव्हिन्सन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं तेव्हा सहव्यावसायिकांनी त्यांची टर उडवली. सत्तरच्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात सॅम्युएल आणि एलिझाबेथ कॉर्सन या दांपत्यानं मनोरुग्णांवर असेच प्रयोग केले. त्यांच्याकडची कुत्री खरं तर दुसऱ्याच संशोधनासाठी होती. त्यांचं भुंकणं ऐकून वॉर्डातल्या गप्प मुलांनीच विचारलं, आम्हाला त्यांच्याशी खेळता येईल का?

पर्डी, १९८१

आता या इतिहासातली मुख्य व्यक्ती येते. कॅथी क्विन ही कॅलिफोर्नियातली मुलगी. घरातल्या छळाला कंटाळून ती लहानपणीच पळाली, पकडली गेली, पुन्हा पळाली. तिची कोवळी वर्षं एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाण्यात गेली. बंद दारं, हातापायांना बांधलेले पट्टे, अत्याचार हे सगळं तिनं भोगलं. बाहेर आल्यावर तिच्या आयुष्यात एक जर्मन शेफर्ड कुत्री आली, जोनी. तिला शिकवता शिकवता कॅथीला उमगलं, की आपण एखादं काम नीट करू शकतो, आपलं कुणीतरी ऐकतं आणि आपल्यावर विसंबतं. रस्त्यावर एकट्या मुलीजवळ दांडगी कुत्री असली की लोक अंतर राखून बोलतात, हाही अनुभव तिला पहिल्यांदाच आला. पुढे ती डॉमिनिकन परंपरेतली धर्मभगिनी झाली, सिस्टर पॉलिन. २०२० साली तिचं निधन झालं.

जोनीनं आपल्याला जे दिलं ते तुरुंगातल्या बायकांनाही मिळू शकेल, असं कॅथीच्या मनानं घेतलं. पण कोणतं तुरुंग प्रशासन तिचं ऐकणार? तिच्यापाशी ना पदवी होती, ना ओळख. तिच्या पाठीशी लिओ बस्टाड उभे राहिले. बस्टाड वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठाते होते. माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून धडपडणाऱ्यांत ते आघाडीवर होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती : दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांचे युद्धकैदी होते. तारेच्या कुंपणाआडचे दिवस त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अशा दोघांच्या प्रयत्नांतून १९८१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात, गिग हार्बर इथल्या महिला तुरुंगात ‘प्रिझन पेट पार्टनरशिप’ सुरू झाली. हा तुरुंग ‘पर्डी’ या नावानं ओळखला जाई. कुत्री कोंडवाड्यांतून आणली. त्या काळी अमेरिकेत दरवर्षी कोट्यवधी नकोशी कुत्री-मांजरं मारून टाकली जात होती. कैदी बायकांनी त्यांतली निवडक कुत्री शिकवायला घेतली. पडलेली वस्तू उचलून देणं, दार उघडणं, चाकांच्या खुर्चीबरोबर चालणं, हे शिकलेली कुत्री अपंग व्यक्तींकडे गेली. ज्यांना तेवढं जमलं नाही ती घरगुती वळण घेऊन कुटुंबांत गेली. पुढे तिथं बाहेरच्या लोकांची कुत्री सांभाळण्याची, त्यांना आंघोळ घालून केस कापण्याची सोयही झाली. सुटल्यावर उपयोगी पडेल असा धंदा बायकांच्या हाती आला.

पर्डीत एक नवी गोष्ट घडली. पेप कैद्यांच्या विरंगुळ्यासाठी होता, लिमातले प्राणी रुग्णांच्या उपचारासाठी होते. पर्डीतला कुत्रा मात्र बाहेरच्या कुणासाठी तरी होता. कैदी बाईला काहीतरी मिळत होतं, तसंच तिच्याकडून समाजाला काहीतरी जात होतं, आणि ते चांगलं असण्याची जबाबदारी तिची होती. पुढच्या चाळीस वर्षांतल्या साऱ्या शाखा याच खोडाला फुटल्या आहेत.

शिकवण्याची पद्धत बदलली

हे सगळं ज्यामुळे शक्य झालं तो बदल तुरुंगाच्या बाहेर घडत होता. विसाव्या शतकाचा मोठा भाग कुत्र्यांना शिकवण्याची पद्धत लष्करी होती. जर्मन पोलिसांसाठी काम करणाऱ्या कॉनराड मोस्ट यांचं १९१० सालचं पुस्तक आणि अमेरिकेत विल्यम कोहलर यांचं १९६२ सालचं पुस्तक, या दोन्हींचा भर दाबावर होता. चूक झाली की गळ्यातल्या साखळीला हिसका. कुत्रा ऐकतो, कारण न ऐकल्यास दुखतं.

याला छेद दिला मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेनं. बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी मॅरियन आणि केलर ब्रेलंड यांनी चाळीसच्या दशकात प्राण्यांना केवळ बक्षिसावर शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला. साठच्या दशकात हवाईमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवू लागल्या. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही. ओरडलं, मारलं तर तो तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. मग मार्ग एकच : हवी ती कृती झाली की त्याच क्षणी शिटी आणि पाठोपाठ मासा. प्रायर यांचं १९८४ सालचं पुस्तक गाजलं आणि नव्वदच्या दशकात डॉल्फिनच्या शिटीची जागा कुत्र्यांसाठी हातातल्या छोट्या क्लिकरनं घेतली. योग्य कृती, ‘टिक्’ असा आवाज, लगेच खाऊ. चूक झाली तर शिक्षा नाही, फक्त खाऊ नाही.

ही पद्धत कोठडीत कशी चालते ते जवळून पाहण्यासारखं आहे. एक बिथरलेली कुत्री पलंगाखाली जाऊन बसते. हात पुढे केला की गुरगुरते. कैद्याला ताकद वापरून तिला ओढता येईल, पण त्यानं काम बिघडेल. तो जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसतो. खाऊचा तुकडा हातभर अंतरावर ठेवतो. ती मान पुढे काढते, टिक्. एक पाऊल टाकते, टिक्. कधी एवढ्यालाच दोन दिवस जातात. या दोन दिवसांत त्याला आपला आवाज चढू द्यायचा नसतो, शेजारच्या कोठडीतल्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नसतं आणि तिची प्रगती वहीत लिहायची असते. रात्री-अपरात्री तिला बाहेर न्यायचं, सांडलेलं पुसायचं, दात-कान तपासायचे, हे वेगळंच.

शेवटी परीक्षा असते. अमेरिकन केनेल क्लबनं १९८९ पासून ‘कॅनाइन गुड सिटिझन’ ही दहा कसोट्यांची चाचणी ठेवली आहे आणि अनेक तुरुंगांत तीच घेतात. अनोळखी माणूस जवळ आला तरी शांत राहणं, गर्दीतून नीट चालणं, हाक मारताच येणं, दुसरं कुत्रं दिसलं तरी ओढ न घेणं. दहावी कसोटी सगळ्यांत अवघड : शिकवणारा नजरेआड जातो आणि कुत्र्यानं तीन मिनिटं दुसऱ्या माणसाजवळ न घाबरता थांबायचं. ज्या माणसानं कुत्र्याला आपल्यावर विश्वास ठेवायला शिकवलं, त्यानंच आपल्याशिवाय राहायलाही शिकवायचं. ते नीट साधलं तरच तो नव्या घरात रुजतो.

ज्याचं सारं आयुष्य धाक आणि शिक्षा यांवर चाललं आहे, त्या माणसाला धाकाशिवाय शिकवता येतं हे स्वतःच्या हातानं सिद्ध करावं लागतं. माझ्या मते या कार्यक्रमांचा गाभा इथं आहे.

शाखा

१९९३ मध्ये ओरेगनमधल्या वुडबर्न इथं, मॅक्लारेन या बालगुन्हेगारांच्या संस्थेत जोन डाल्टन यांनी ‘प्रोजेक्ट पूच’ सुरू केला. निवाऱ्यातली कुत्री शिकवून दत्तक द्यायची, हेच त्याचं उद्दिष्ट. कोवळ्या वयात गंभीर गुन्हे केलेली ही मुलं कुत्र्याच्या नव्या मालकाला भेटून त्याच्या सवयी समजावून सांगतात.

१९९७ मध्ये ग्लोरिया गिल्बर्ट स्टोगा यांनी न्यूयॉर्कच्या बेडफर्ड हिल्स महिला तुरुंगात पाच पिल्लं नेली आणि ‘पपीज बिहाइंड बार्स’ उभी राहिली. फ्लोरिडातले पशुवैद्य थॉमस लेन यांनी तुरुंगात अंधांसाठी कुत्री वाढवण्याचा जो प्रयोग केला होता, त्यातून त्यांना स्फूर्ती मिळाली. इथली कुत्री टाकलेली नव्हती, खास पैदाशीची लॅब्रॅडॉर पिल्लं होती. पण अडचण वेगळीच निघाली. तुरुंगात वाढलेल्या पिल्लाला दाराची घंटा, रहदारी, लिफ्ट, लहान मुलं ठाऊकच नसतात. म्हणून बाहेरचे स्वयंसेवक त्यांना ठरावीक दिवशी घरी नेऊन जग दाखवू लागले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर संस्थेनं स्फोटकं हुंगणारी कुत्रीही वाढवली आणि २००६ पासून इराक-अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठीही. जपानमध्ये हामादा शहरातल्या शिमाने आसाही या तुरुंगात २००९ पासून कैदी अंधांसाठीची पिल्लं वाढवतात. तिथं आठवडाभर पिल्लू तुरुंगात आणि शनिवार-रविवार गावातल्या कुटुंबात असतं.

ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवलं. मदतछावण्यांत आणि बसमध्ये प्राण्यांना प्रवेश नव्हता. कित्येकांनी कुत्र्यासाठी घर सोडायला नकार दिला. सुटका केलेली जनावरं ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. लुइझियानातल्या जॅक्सन इथल्या डिक्सन तुरुंगानं आपला जुना गोठा उघडून दिला आणि कैद्यांनी वादळातून वाचलेल्या जिवांची शुश्रूषा केली. आपत्तीत पाळीव प्राण्यांचीही सोय करणं बंधनकारक करणारा कायदा अमेरिकेनं २००६ मध्ये केला. डिक्सनमध्ये पुढे २०१० साली ‘पेन पाल्स’ नावाचा कायमचा निवारा झाला आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यकाचे विद्यार्थी तिथं काम करू लागले. त्या भागात तोवर निवारा नव्हता. तुरुंगामुळे गावाला एक सोय मिळाली.

सगळंच गोड नाही. कॅन्ससमधल्या लॅन्सिंग तुरुंगात २००४ मध्ये असाच कार्यक्रम सुरू झाला आणि झपाट्यानं वाढला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो चालवणाऱ्या स्वयंसेविकेनं खुनाच्या गुन्ह्यातल्या एका कैद्याला कुत्र्याच्या पिंजऱ्यात लपवून आपल्या गाडीतून बाहेर काढलं. दोन आठवड्यांच्या आत दोघंही टेनेसीत पकडले गेले. या घटनेनं अनेक तुरुंगाधिकाऱ्यांना धडकी भरली. नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. विश्वास टाकायचा म्हणजे तपासणी सोडायची असं नव्हे, हा धडा लॅन्सिंगनं दिला.

२०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर इथल्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात ‘पॉज फॉर लाइफ’ या संस्थेनं निवाऱ्यातली कुत्री नेली. शिकवणाऱ्यांत मरेपर्यंत तुरुंगातच राहण्याची शिक्षा झालेले कैदी होते. त्यांतल्या काहींच्या शिक्षा पुढे गव्हर्नरांनी कमी केल्या आणि सुटलेल्यांतले काही जण त्याच संस्थेत नोकरीला लागले. आजन्म कैद्याला सुधारून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

पुरावा काय सांगतो

जेनिफर फर्स्ट यांनी २००६ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीला ४६ राज्यांनी उत्तरं दिली. त्यांतल्या ३६ राज्यांत प्राण्यांशी संबंधित तुरुंगकार्यक्रम होते आणि त्यांत कुत्र्यांचेच जास्त होते. प्रसार मोठा आहे, अभ्यास त्या मानानं तोकडा. प्रोजेक्ट पूचमधून बाहेर पडलेल्या मुलांतलं कुणीही पुन्हा गुन्ह्यात सापडलं नाही, असा निष्कर्ष २००० साली निघाला आणि तो सर्वत्र उद्धृत होतो. पण अशा कार्यक्रमात मुळात चांगल्या वर्तणुकीचीच मुलं निवडली जातात, हे विसरून चालणार नाही. वॉशिंग्टन राज्यात २०१७ मध्ये कैद्यांच्या नोंदी त्यांच्यासारख्याच इतर कैद्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा कुत्रे सांभाळणाऱ्यांत गंभीर नियमभंग कमी आढळले. बार्बरा कुक आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०१६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. परिणामांची दिशा चांगली दिसते, पण अभ्यास मोजकेच आहेत.

कुत्र्यांच्या बाजूनंही तारतम्य हवं. अमेरिकन निवाऱ्यांत मारल्या जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांची संख्या २०११ मध्ये अंदाजे २६ लाख होती, ती २०१९ मध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास आली. हे मुख्यतः नसबंदी आणि दत्तक घेण्याच्या वाढत्या चालीमुळे झालं. तुरुंगांचा वाटा त्यात लहान आहे. मात्र ज्या कुत्र्याला अंगावर उड्या मारण्यापायी, घाण करण्यापायी, चावण्याच्या भीतीपायी कुणी नेत नव्हतं, त्याच्यापुरता तो वाटा पूर्ण आहे.

म्हणून मी या कार्यक्रमांना जादू म्हणणार नाही. वाईट अन्न, गर्दी, मारहाण, वर्षानुवर्षांचा एकांत हे सारं तसंच ठेवून चार कुत्री आत नेली म्हणजे तुरुंग सुधारला, असं मानणं ही फसवणूक होईल. कैद्याची मेहनत फुकट वापरणं हाही धोका आहे. पण चिमणी लपवणाऱ्या रुग्णांपासून लँकेस्टरपर्यंत एक गोष्ट प्रत्येक वेळी खरी ठरली. ज्यातल्या चुकीनं दुसऱ्या जिवाचं नुकसान होऊ शकतं असं खरंखुरं काम हाती दिलं, की बहुतेक माणसं ते जिवापाड जपतात.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. औंध संस्थानात १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत वसवली, कैद्यांच्या हाती जमीन दिली आणि पहारा जवळजवळ काढून घेतला. त्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी केलेला ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली पडद्यावर आला. कैद्यावर विश्वास टाकण्याचं धाडस आपल्याच मातीत, पर्डीच्या चाळीस वर्षं आधी झालेलं आहे.

आज आपल्या गावागावांत भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी निवाऱ्यांची गरजही ऐरणीवर आणली. निवारे बांधायला पैसे मिळतील. त्यांत कुत्र्यांना माणसाळवणारे, दत्तक जाण्याजोगं वळण लावणारे हात कुठून येणार? आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन-चतुर्थांश बंदी अजून खटल्याच्या निकालाची वाट पाहत आहेत. त्यांचा मुक्काम अनिश्चित, म्हणून हे काम त्यांच्यासाठी नाही. पण दीर्घ शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तणुकीचे बंदी राज्यातल्या खुल्या कारागृहांत शेती करतात, जनावरं सांभाळतात. अशा एखाद्या कारागृहाशेजारी, पशुवैद्यक महाविद्यालयाच्या देखरेखीखाली, दहा-बारा देशी कुत्र्यांपासून सुरुवात करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कारागृह विभाग, महापालिका आणि एखादी प्राणिमित्र संस्था यांनी एका टेबलाशी बसायला हवं. वाचकांपैकी जे या तिन्हींपैकी कुठंही काम करत असतील, त्यांनी पहिलं पत्र लिहावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.